नागिऑसमधील प्रशासक इशारे

नागिऑस हे संगणक जाळे, सर्व्हर व संकेतस्थळे यांच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. एथन गालस्टॅड यांनी ते १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने प्रसिद्ध केले. ट्रेडमार्कच्या वादामुळे २००२ मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले. कोणता बिघाड कोणाला, केव्हा आणि किती वेळा कळवायचा, हे प्रशासक त्याच्या संरचना फाइलींमध्ये लिहून ठरवतो.

तपासणी

प्रत्यक्ष तपासणी 'प्लगइन' नावाचे छोटे प्रोग्रॅम करतात. तपासणीचा निकाल ०, १, २ किंवा ३ या अंकांत मिळतो. त्यांचा अर्थ अनुक्रमे सुरळीत, सावधान, गंभीर व अज्ञात असा होतो. संकेतस्थळांसाठीचे 'चेक एचटीटीपी' हे प्लगइन प्रतिसादास लागलेला वेळ, पानावरील अपेक्षित मजकूर आणि सुरक्षा प्रमाणपत्राची उरलेली मुदत तपासू शकते.

मृदू व दृढ स्थिती

पहिल्याच अपयशावर इशारा पाठवल्यास क्षणिक अडथळ्यांचीही सूचना जाते. अशा निरर्थक सूचना वाढल्या की प्रशासक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. म्हणून नागिऑस पहिले अपयश 'मृदू' स्थिती मानून फेरतपासणी करते. कमाल प्रयत्न ३ आणि फेरतपासणीचे अंतर १ मिनिट ठेवल्यास, लागोपाठ तिसऱ्या अपयशानंतर, म्हणजे सुमारे २ मिनिटांनी, स्थिती 'दृढ' ठरते व इशारा पाठवला जातो.

इशाऱ्यांचे नियमन

प्रत्येक संपर्क व्यक्तीसाठी इशाऱ्याची वेळ, प्रकार व माध्यम वेगळे ठेवता येते. ठरावीक संख्येने इशारे जाऊनही बिघाड कायम राहिल्यास पुढील इशारे वरिष्ठांकडे वळवता येतात. प्रशासकाने बिघाडाची पोच नोंदवल्यावर त्याच बिघाडाचे पुनःपुन्हा येणारे इशारे थांबतात. पूर्वनियोजित दुरुस्तीच्या काळातही इशारे रोखले जातात. राउटर व त्यामागील सर्व्हर यांचे नाते नोंदवलेले असल्यास, राउटर बंद पडल्यावर ते सर्व्हर 'बंद' न ठरता 'अनुपलब्ध' ठरतात. त्यामुळे मूळ बिघाड ओळखणे सोपे जाते.

मर्यादा

इशाऱ्याचा ईमेल ज्या जाळ्यातून जातो तेच खंडित झाल्यास इशारा पोहोचत नाही. देखरेख करणारा सर्व्हरच बंद पडल्यास इशारा तयारही होत नाही. त्यामुळे लघुसंदेशासारखे स्वतंत्र माध्यम आणि त्या सर्व्हरवर बाहेरून लक्ष ठेवणारी दुसरी यंत्रणा आवश्यक ठरते.