लेव्हीची ज्वारी

फुलसावंगीच्या आमच्या घरात ज्वारी दोन जागी असे. ओसरीवरच्या कट्ट्यांत हायब्रीड, आतल्या कणगीत गावरान. कण्या असोत की भाकर, आजी ज्वारी कणगीतलीच काढायची. कट्टे सरकारचे, त्यांना लेकरांनी हातसुद्धा लावायचा नाही.

सरकारचे म्हणजे लेव्हीचे. साठच्या दशकात राज्यानं ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. ज्याची जितकी जमीन, त्या हिशेबानं ज्वारी द्यायची, तीही सरकारी भावानं. ती पुढे रेशनला जाई. मुख्यमंत्री वसंतराव नाईक आपल्याच पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणून आजोबांना, आमच्या आबाजींना, त्यांच्याविषयी माया. मुंबईतल्या गिरणीवाल्यानंही जेवलं पाहिजे, असं आबाजी म्हणत. पण पीक बुडालं तरी लेव्ही चुकत नसे. ती भरायला बाजारातून चढ्या भावानं ज्वारी घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. तिथं आले की त्यांचा आवाज चढे.

१९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं आणि दाणे भरपूर झाले. चव मात्र नाही, हे आजीचं ठाम मत.

दुसरा बाजार मागच्या दारी भरे. सालदार, मजूर, कुणाची विधवा सून, अंधार पडला की पायली घेऊन येत. रेशनला रोख लागे. इथं शब्दावर मिळे. गावात वाढीदिढीही चाले: उन्हाळ्यात दोन पायल्या नेल्या की सुगीला तीन परत. त्यात किती घरं पिचली, हे विसरून त्या बाजाराचं कौतुक मला करवत नाही. आजी देताना पायलीवर शीग लावायची, घेताना सपाट घ्यायची. आबाजींनी ते पाहिलं तरी कधी विचारलं नाही.

बैलांच्या घंटा काढून रात्री ज्वारीच्या गाड्या पैनगंगेपार जात, असंही आजी सांगे. ते लेव्हीच्या वर्षांतलं की १९४८ च्या आधीचं, नदीपलीकडचं माहूर निजामाच्या मोगलाईत होतं तेव्हाचं? तिच्या सांगण्यात दोन्ही काळ मिसळलेले, आणि माझ्या आठवणीत तर अधिकच.

बहात्तरच्या दुष्काळात कणगीचा तळ दिसला. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकर थापताना तुटे. आजी उकळत्या पाण्यात पीठ मळून कशीबशी जमवायची, आणि पहिली भाकर मागच्या दारी आलेल्याला द्यायची.

आता शिवारात कापूस नि सोयाबीन. ज्वारी पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाकरीची ज्वारी विकत आणावी लागते. वहिनीचं माहेर माहूरकडचं. दिवाळीनंतर तिकडून येताना ती पिशवीत चार पायल्या गावरान घेऊन येते. त्यातली एक शेजारच्या म्हातारीला जाते, पैशाचं बोलणं न होता.