भोरघाट उतरून बोरीबंदरला

गटाची सहल म्हटलं की आपण देवाला जातो. या वर्षी आमच्या बैठकीत एकीने वेगळंच काढलं, मुंबईची रेल्वे बघू या. लगेच दुसरी म्हणाली, स्टेशनात काय बघायचंय? गाडी धरायची नि सुटायचं. तर काय बघायचंय ते आज सांगते.

आपल्या भागातून मुंबईला जाताना सगळ्यात आधी लागतो भोरघाट. कोयना एक्स्प्रेस दिवसाची आहे, म्हणून घाट उजेडात दिसतो. मोबाईल पिशवीत ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. 1863 पूर्वी इथे सलग रूळ नव्हते. पुण्याहून गाडी खंडाळ्यापर्यंत यायची, मग पालखीतून किंवा बैलगाडीने घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायची. हा तुकडा जोडायला 7 वर्षं लागली. 25 बोगदे आणि 22 पूल बांधावे लागले. चढ असा, की 37 फूट पुढे गेलं की गाडी 1 फूट वर चढते.

पहिल्या ठेकेदाराने 1859 साली काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार आला आणि त्याच वर्षी आजारपणात वारला. तेव्हा त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःकडे घेतला. देखरेखीला दोन इंजिनिअर नेमले आणि काम शेवटाला नेलं. आजही आपल्याकडे कितीतरी ठिकाणी सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा असतो. हे तर 165 वर्षांपूर्वीचं.

पण ॲलिसबाईंचं नाव निदान कागदावर राहिलं. एका वेळी 40,000हून जास्त मजूर त्या घाटात राबत होते. पुरुष सुरुंग लावायचे, कातळ फोडायचे. बायका-पोरं दगडमाती डोक्यावरून वाहायची. पटकीने आणि तापाने हजारो माणसं गेली. त्यातल्या एकाही बाईचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. रोजगार हमीवर पाट्या वाहिलेल्या आपल्या आया-सासवांना हे काम किती जड असेल ते वेगळं सांगायला नको. बोगद्यात अंधार झाला की मला तरी त्यांचीच आठवण येते.

याच घाटातून 8 मार्च 2011 रोजी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव यांनी डेक्कन क्वीन चालवत मुंबईला नेली.

आता मुंबई. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. 14 डबे, 3 इंजिनं आणि सुमारे 400 पाहुणे. आजची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत नंतरची, 1878 ते 1888 या काळात बांधलेली. गाडीतून उतरून लगेच पळू नका. रस्ता ओलांडून समोर उभ्या राहा आणि मान वर करा. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली बाई आहे. तिला ‘प्रगती’ म्हणतात. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत. त्यातलं बरंचसं काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं. आत लोकलची तिकीट खिडकी आहे, तिथलं छतही बघण्यासारखं आहे. इमारतीतलं संग्रहालय रोज उघडं नसतं, वेळ आधी विचारून जा.

जेवायचं म्हणाल, तर 18 नंबरच्या फलाटाजवळ जुन्या डब्यात हॉटेल केलंय. जायला हरकत नाही, पण दरपत्रक बघून आत शिरा. स्टेशनासमोर आरामचा वडापाव आहे, तो आपल्या खिशाला परवडतो. वडापाव मुळात स्टेशनाचंच खाणं. 1966 साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर तो सुरू केला असं सांगतात. गिरणीला जाणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या पोट भरायचं असे.

एक फेरी माटुंग्याला करा. 2017 साली त्या स्टेशनचा सगळा कारभार महिलांकडे सोपवला. तिकीट देणाऱ्या, तपासणाऱ्या, बंदोबस्ताला उभ्या असणाऱ्या, सगळ्या बायका. पूर्वेला उतरलं की जवळच रामाश्रय आहे, इडली-डोसा नि फिल्टर कॉफी. रविवारी रांग असते. सकाळी अकराच्या आत लोकलमध्ये मात्र चढू नका, गटातली निम्मी माणसं फलाटावरच राहतील. महिलांचा डबा फलाटावर कुठे येतो ते आधीच विचारून ठेवा.

परतताना कर्जतला गाडी थांबते. घाट चढायला मागून ढकलणारी जादा इंजिनं तिथे जोडतात, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात वडेवाले खिडकीशी येतात. त्या थांब्यावरच कर्जतचा वडा मोठा झाला. सुटे पैसे हातात ठेवा, खाली उतरू नका आणि बारक्यांना मिरची देऊ नका.