तलवारीची धार, तंबोऱ्याची जवारी

साल १८५० च्या आसपासचं. तुम्ही मिरजेत, शिकलगारांच्या आळीत उभे आहात. इंग्रजी अंमल बसलाय, फौजा मोडल्यात. तलवारींना धार लावणाऱ्यांच्या हाताला काम नाही. फरीदसाहेब शिकलगार मात्र रिकामे बसलेले नाहीत. ते तंतुवाद्यांच्या दुरुस्तीला लागलेत. पात्याचा बाक हेरणारी नजर आता तंबोऱ्याची दांडी पारखते आहे.

तिथून थेट १९३० सालच्या सतारमेकर गल्लीत या. मान जरा वाकवूनच आत शिरा, आढ्याला तंबोऱ्यांसाठीचे भोपळे टांगलेत. पंढरपूरच्या बाजूचे हे जाड सालीचे कडू भोपळे महिनोन्‌महिने वाळल्याशिवाय कुणी त्यांना हात लावत नाही. कोपऱ्यात सरस शिजतोय, त्याचा वास नाकात बसतो. दांडी, तबली, खुंट्या सगळं जागेवर आलंय, तरी तंबोरा अजून मुकाच आहे.

कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, हातात घेतो. तिचा माथा तुम्हाला सपाट वाटेल, पण त्याला अगदी पुसटसा बाक आहे. छेडलेली तार त्या बाकावर घासत थरथरते, म्हणून मूळ सुरातून वरचे स्वर फुटतात. हीच जवारी. कारागीर कानशीचा एक हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो. पुन्हा कानस. एक हात जास्त पडला तर सूर फाटलाच. शेवटी तारेखाली दोरा सरकवतो आणि खर्ज खोलीभर पसरतो. याच गावात गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहतात. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करतात. अशा गिऱ्हाइकापुढे कच्चं काम खपत नाही.

आता आजच्या मिरजेत या. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं. पण कानस कुठे थांबवायची हे मानांकन शिकवत नाही. ते शेकडो वाद्यं हाताखालून गेल्यावरच कळतं. आणि बराचसा रियाज आता मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर चालतो.

तारांनी घोडीला चरे पडतात, जवारी उतरते. तुमच्या घरी गवसणीत एखादा जुना तंबोरा पडून असेल, तर तो मिरजेला न्या. जवारी लावून घ्या, आणि रोज छेडा.