काळीला काळी

परभणी जिल्ह्यातल्या पालमला रेल्वे नाही. स्टेशन गंगाखेडला. नांदेड गाठायचं तर लोह्यावरून एस.टी., परभणी गाठायची तर गंगाखेडवरून. कॉम्प्युटर दुरुस्तीचा इतिहास सांगताना आधी बसचा मार्ग सांगावा लागतो, कारण तालुक्याच्या गावातली ही कारागिरी त्या बसनेच घडवली. पुण्यात एखाद्याचं मशीन सुरू होईना, तर तो तपकीर गल्लीच्या बाजारातून दोन रॅम आणि वीज पुरवणारा एक एसएमपीएस उचलून आणी, एकेक लावून पाही, जे लागू पडलं ते ठेवी आणि बाकीचं परत करी. पालमच्या कारागिराला ही चैन नव्हती. बदलून पाहायला दुसरा पार्टच जवळ नसे. बिघाड नेमका कुठे आहे, हे बस धरण्याआधी ठरवावं लागे. अंदाज चुकला की दिवस गेला, भाडं गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं.

ही विद्या महाराष्ट्रात आली ती मात्र अगदी दुसऱ्या टोकाने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने 1956 मध्ये कॉम्प्युटरचा प्रायोगिक नमुना चालवला आणि 1960 मध्ये पूर्ण यंत्र उभं केलं. पंडित नेहरूंनी 1962 मध्ये त्याचं नाव ‘टिफ्रॅक’ ठेवलं. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत लालसर उजेड देत तापायचे तसलेच. व्हॉल्व्ह बल्बसारखा असतो, कधीतरी जातोच. हजारोंनी असले की रोज कुठला तरी जाण्याच्या बेतात असणार. बिघाड शोधणं हा इथे वेगळा धंदा नव्हता. यंत्र ज्यांनी जोडलं तेच त्याचे मिस्त्री होते. आपल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीतला हा एकच काळ असेल, ज्यात दुरुस्त करणाऱ्याला यंत्राची प्रत्येक तार ठाऊक होती.

त्यानंतर आलं भाड्याचं युग. 1961 मध्ये मुंबईत एस्सो कंपनीकडे आयबीएमचा 1401 आला. पुढे आयबीएम परदेशात वापरून झालेली याच जातीची यंत्रं मुंबईच्या कारखान्यात नीट करून भारतीय गिऱ्हाइकांना भाड्याने देऊ लागली. परदेशातली जुनी यंत्रं आपल्या माथी मारतात, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्तही होती. पण दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिलं तर जुनं मशीन उघडून, साफ करून, नव्याने उभं करणारे हात त्यातूनच मुंबईत तयार झाले. गिऱ्हाइकाने मात्र झाकण उघडायचं नाही. यंत्र कंपनीचं, चावी कंपनीची, इंजिनिअर कंपनीचा.

मग 1978 उजाडलं. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय कंपनीतली मालकी कमी करायला आयबीएम तयार झाली नाही आणि तिने गाशा गुंडाळला. ऑफिसांत उभी असलेली यंत्रं तिच्याबरोबर जाणार नव्हती. ती चालू ठेवायचं काम पडलं ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीवर. नावातच देखभाल असलेली ही कंपनी 1975 मध्ये स्थापन झाली होती. बनवणारा निघून गेलेला, सुटे भाग सहज मिळत नाहीत, आणि समोर एकाच नव्हे तर अनेक कंपन्यांची यंत्रं. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र त्याच्या परवानगीशिवाय आणि मदतीशिवाय चालतं ठेवायचं, हा आजच्या प्रत्येक कॉम्प्युटर दुकानदाराचा रोजचा उद्योग. तो देशपातळीवर पहिल्यांदा या सरकारी कंपनीने केला. पुढे तिचं मोठं ठाणं हैदराबादेत झालं. मराठवाड्याला हैदराबाद तसं परकं नाही. 1956 पर्यंत इथल्या कचेऱ्यांची राजधानी तीच होती.

तालुक्यापर्यंत पोचायला मात्र मशीन लहान, स्वस्त आणि उघडता येण्याजोगं व्हावं लागलं. आयबीएमने 1981 मध्ये काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरची रचना इतकी उघडी होती की तैवानपासून मुंबईपर्यंत कुणीही तशी पेटी जोडू शके. 1984 च्या धोरणाने आयात सैल झाली आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठीत कायमचा मुक्कामाला आला. मुंबईत त्याचं माहेर म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन या जुन्या गव्हर्नरचंच नाव आहे. हा रस्ता मुळात रेडिओच्या सुट्या भागांचा. व्हॉल्व्ह विकणाऱ्यांनी ट्रान्झिस्टर विकले, मग टीव्हीचे भाग, मग मदरबोर्ड. गावोगावच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकांचाही प्रवास तोच झाला. हातातली कथील लावायची डागणी तीच राहिली, समोरचं डबडं बदललं.

त्या काळच्या पेटीत एक जीवघेणी गंमत होती. ‘एटी’ जातीच्या एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे दोन जोडण्या जात, आणि दोन्ही शेजारी-शेजारी एका रांगेत बसत. उलटसुलट बसवल्या तरी त्या मुकाट बसत. मग बटण दाबलं की बोर्ड खल्लास. म्हणून शिकाऊ पोराला सगळ्यात आधी एकच सूत्र: काळीला काळी. दोन्ही जोडण्यांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. 1995 मध्ये इंटेलने आणलेल्या ‘एटीएक्स’ रचनेत एकच जोडणी आली, तीही उलटी न बसणारी, आणि हे सूत्र निकामी झालं. त्या जागी नवी युक्ती आली. एसएमपीएस मेला की जिवंत आहे, हे पाहायला हिरव्या वायरीला वाकवलेल्या तारेने काळीशी जोडायचं. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये निदान धुगधुगी आहे. काळी वायर इथेही आहेच.

बाकीची विद्या कानाची. मशीन सुरू होताना स्वतःची तपासणी करतं आणि पडद्यावर काही दाखवता येत नसेल तर शिट्टी वाजवून सांगतं. ही तपासणी करणारा चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे बायोस. ‘अवॉर्ड’ कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार, लांब शिट्टी थांबून-थांबून वाजत राहिली तर रॅम. ज्याला हे पाठ आहे त्याला खेड्यातून आलेल्या फोनवरही निदान करता येतं. फोन पेटीजवळ धरायला सांगायचं, एवढंच. रॅमवरचा इलाज तर शाळकरी पोराच्या दप्तरातला. पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारून परत बसवायची. किती ‘मेलेली’ मशीनं दहा रुपयांच्याही आतल्या खोडरबराने उठली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. खोडरबराचे पैसे किती लावले, याची तर मुळीच नाही.

एकदा मात्र खोडरबर कामाला आला नाही. 26 एप्रिल 1999 रोजी ‘सीआयएच’ नावाचा व्हायरस जगभर जागा झाला. तो फायली पुसून थांबत नसे. काही मशीनांत बायोसची चिपही खराब करी. सॉफ्टवेअरने हार्डवेअर मारलं, असं तोवर सहसा कुणी पाहिलं नव्हतं. त्यावर कारागिरांनी काढलेला उपाय छातीवर दगड ठेवून करायचा होता. तशाच दुसऱ्या चांगल्या बोर्डाचं मशीन सुरू करायचं, ते चालू असतानाच त्याची बायोस चिप उपटायची, मेलेली चिप तिच्या जागी दाबायची आणि तिच्यात नव्याने प्रोग्रॅम भरायचा. हात थरथरला की दोन्ही मशीनं गेली.

पण पालमसारख्या ठिकाणी मशीन मरतं ते व्हायरसपेक्षा विजेने. 2005 नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या कुणालाही आठवावीत. ग्रामीण भागात लोडशेडिंग दिवसातले निम्मे तास खाई. वीज जाण्याचा त्रास कमी, परत येण्याचा जास्त: ती झटक्याने येते, कमीजास्त दाबाने येते. यूपीएसच्या बॅटऱ्या पुरत्या चार्ज होण्याआधीच पुन्हा रिकाम्या होत आणि ऐन उमेदीत मरत. त्यातच त्या दशकात जगभरच्या मदरबोर्डांवर कच्च्या प्रतीचे कपॅसिटर बसले होते. डोकं फुगायचं, तपकिरी चीक गळायचा. डेलसारख्या कंपनीला 2005 मध्ये त्यापायी तीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. अमेरिकेत असे बोर्ड कंपनीने बदलून दिले. इकडे कारागिराने फुगलेले कपॅसिटर उपटून टीव्हीच्या दुकानातले त्याच मापाचे बसवले, आणि रेडिओ मेकॅनिकच्या जुन्या डागणीला पुन्हा दिवस आले.

अर्थिंगचं प्रकरण याहून मजेदार. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार प्रत्येक कारागिराने ऐकलेली असते. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह नगण्य, म्हणून माणूस दचकतो, दगावत नाही. पण त्याच पेटीला प्रिंटरची किंवा मॉनिटरची केबल लावताना पोर्ट उडू शकतो. उपाय जुनाच: खड्डा, कोळसा, मीठ, पाणी. गोदाकाठची काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम. उन्हाळ्यात मात्र काळी भेगाळते, ओल खोल जाते आणि पावसाळ्यात नीट असलेलं अर्थिंग मे महिन्यात रुसतं. झिणझिण्या येतात म्हणून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं, हाही हार्डवेअर दुरुस्तीचाच भाग. वळवाच्या पावसात वीज कडाडली की टेलिफोनच्या तारेतून मोडेम जायचा तो वेगळाच.

आणि धूळ. कापसाच्या मुलखातली धूळ नुसती माती नसते. तिच्यात तंतू असतो. तो पंख्याच्या मागे, प्रोसेसरच्या ॲल्युमिनियमच्या कंगव्यात गोधडीसारखा बसतो. मशीन दुपारी आपोआप बंद पडतं आणि संध्याकाळी नीट चालतं, अशी तक्रार आली की अनुभवी माणूस पेटी उघडण्याआधीच ब्लोअर हातात घेतो.

या सगळ्याला गिऱ्हाईक कुठून आलं? आधी शिकवणी वर्गांतून. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्या-तालुक्यात निघाली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं, तशा एका खोलीत दहा-पंधरा पेट्या आल्या. बदलून पाहायला पार्ट नाही, ही पालमची अडचण तिथे पहिल्यांदा सुटली: शेजारच्या मशीनचा रॅम काढून या मशीनला. 2011 पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक परिचालक बसवले. तलाठ्यांच्या दप्तराजागी लॅपटॉप आला. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

खरी परीक्षा 2017 च्या पावसाळ्यात झाली. जुलैअखेर पीकविम्याची मुदत, आणि त्याच सुमाराला कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज. त्यासाठी नवरा-बायको दोघांचेही अंगठे हवेत. मराठवाडाभर सेवा केंद्रांसमोर रात्री-रात्री रांगा लागल्या. अशा वेळी सेवा केंद्राचा प्रिंटर अडला किंवा अंगठ्याचं मशीन ओळख देईना, तर नांदेडची बस पकडायला वेळ कुणाला? अंगठ्याच्या मशीनने तर हार्डवेअरचा एक नवाच प्रश्न काढला. काच पुसली, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, तरी बोट जुळेना. कापूस वेचून, खुरपं धरून बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. पण रांगेतल्या म्हाताऱ्याला तो त्याच्या बोटात आहे हे सांगायचं कसं? कारागीर ओल्या फडक्याने बोट पुसायला सांगतो आणि दुसरं बोट लावून पाहतो.

लॅपटॉप आल्यावर धंद्याचं गणित पुन्हा फिरलं. डेस्कटॉप म्हणजे भाग बदलण्याचा धंदा; लॅपटॉपमध्ये सगळंच एका बोर्डावर. पडदा काळा दिसला तर आधी टॉर्च मारून पाहायचं. पुसटसं चित्र दिसलं तर पडदा जिवंत आहे, मागचा दिवा गेला आहे. हे सोपं निदान. अवघड ते चिपखालच्या डाखाचं. युरोपने 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि बिनशिशाचं कथील जगभर रूढ झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्राफिक्स चिपचे सांधे उष्णतेने निखळू लागले. 2008 मध्ये एनव्हिडियाने सदोष चिपांची कबुली देत भरपाईसाठी पैसे बाजूला काढले. इकडे ‘चिप लेव्हल’ ही पाटी त्याच सुमाराला दुकानांवर चढली. हीट गनने चिप शेकली की मेलेला लॅपटॉप उठे. खरं सांगायचं तर या शेकण्यात निम्मी जादू होती आणि निम्मी फसवणूक. मशीन काही आठवडे चाले आणि पुन्हा झोपे. ज्यांनी नीट शिकून चिप उतरवली, तिच्याखालचे कथलाचे गोळे नव्याने बसवले, त्यांचं काम पुष्कळदा टिकलं. स्वस्तातलं प्रोग्रॅमर यंत्र वापरून जे बायोस भरायला शिकले, त्यांना चालू मशीनमधून चिप उपटायची गरज उरली नाही.

आता पार्ट बसने आणावा लागत नाही, कुरियरने येतो. निदान मात्र आधीच करावं लागतं. चुकीचा पार्ट मागवला तर परत पाठवण्याची कटकट बसभाड्यापेक्षा कमी नाही. नव्या पातळ लॅपटॉपांत पुष्कळदा रॅम बोर्डावरच डाखलेला असतो, खोडरबराला तिथे काही काम नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबला, तेव्हा हार्डवेअर ठणठणीत असलेली मशीनंही दुकानाच्या फळीवर येऊ लागली. फळीवर आधीपासून मेलेल्या लॅपटॉपांचे बोर्ड असतातच, सुटे भाग काढायला ठेवलेले. एकावरून दोन मॉस्फेट गेलेत, चार्जिंगचा जॅक गेलाय, बिजागरी गेलीय. पंखा अजून आहे, तो कुणाच्या तरी कामाचा निघेल.