चिमट्यापाशी अडलेला व्होल्ट

चाकणजवळच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला एक कोडे घातले. प्रयोगशाळेत विद्युत-विलेपन आणि पाण्याचे विघटन दाखवण्यासाठी त्यांनी मोटारीची एक १२ व्होल्टची बॅटरी मिळवली होती. सोबत ५ अँपिअरचा छोटा चार्जर होता. आठ महिन्यांत बॅटरी 'मेली'. दुसरी आणली, तीही वर्षभरात त्याच वाटेने गेली. दुकानदार म्हणाला, माल खराब निघाला असेल. बाईंचा प्रश्न असा होता : "सर, एकामागून एक दोन्ही बॅटऱ्या खराब कशा निघतील?"

आम्ही गेलो तेव्हा चार्जर टेबलावर होता आणि बॅटरी बाहेर व्हरांड्यात. आम्लाच्या वाफा वर्गात येऊ नयेत म्हणून शिपाईमामांनी ती बाहेर नेली होती आणि तेथवर पोचण्यासाठी चार्जरची वायर घरातल्या दिव्याच्या वायरीने लांबवली होती. मामांचा हेतू अगदी योग्य होता. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरी मोकळ्या हवेतच हवी. चूक वायरीत होती, आणि त्याहून थोडी चिमट्यात.

आम्ही मल्टिमीटर लावला. चार्जरच्या टोकांवर १४.३ व्होल्ट होते, बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर १२.८. दीड व्होल्ट वाटेत नाहीसा झाला होता. दीड व्होल्ट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. घरातल्या २३० व्होल्टांच्या मंडलात दीड व्होल्ट गेला तर दिव्यालाही कळत नाही. पण पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ पडलेली असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि तिला नीट भरायला सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. चार्जिंगचा सारा कारभार या पावणेदोन व्होल्टांत चालतो. त्यातले दीड वाटेत गेले तर उरले काय?

ही अडचण शाळेपुरती नाही. बॅटरीपर्यंत वीज नेणारी तार आणि तिला पकडणारा चिमटा यांचा इतिहास म्हणजे याच हरवलेल्या व्होल्टचा पाठलाग आहे आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा तुकडा या शाळेपासून फार दूर नसलेल्या पिंपरीत घडला आहे.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. पुन्हापुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. ती भरायला तेव्हा कामाचा डायनामोही नव्हता. प्लाँते ती बुन्सेनच्या घटांवर भरत असे. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि बॅटरी बाजारात येण्याजोगी झाली. त्या काळातल्या बॅटऱ्या बहुधा एका जागी मांडलेल्या असत. त्यांचे जोड बोल्टने आवळलेले किंवा शिसे वितळवून कायमचे केलेले. चिमट्याची गरजच नव्हती.

गरज निर्माण केली मोटारीने. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हाताने हँडल मारणे हळूहळू मागे पडले. पण स्टार्टर क्षणभरात शेकडो अँपिअर ओढतो. बॅटऱ्या उतरू लागल्या आणि गॅरेजात त्या भरून देण्याचा धंदा सुरू झाला. सकाळी लावायची, संध्याकाळी काढायची, रोज नवी बॅटरी. अशा कामाला बोल्ट आवळत बसणे परवडत नाही. दातेरी जबड्याचा, स्प्रिंगने मिटणारा चिमटा याआधीच तयार होता. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे राल्फ म्यूलर याने १९०८ मध्ये असे चिमटे करण्याचा कारखाना काढला होता. आपल्या प्रयोगशाळांत त्याचीच धाकटी भावंडे 'क्रोकोडाइल क्लिप' या नावाने वावरतात.

तारेची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. तांब्याच्या तारेवर आवरण कशाचे घालायचे? आधी रेशीम आणि सूत होते, पुढे रबर आले. टिकाऊ करण्यासाठी रबरात गंधक घालून ते तापवतात आणि हे गंधक तांब्याला काळे करून खाते. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच होता : कल्हई. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपण कथील लावतो. तसेच तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेला कथिलाचा पातळ थर देऊ लागले. मोटारीत मात्र रबराचे हाल होत. तेलाने ते फुगे, उष्णतेने कडक होई, त्यावरची सुती वीण आम्लाने कुजे. जुन्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर तडकलेली, भुगा होत चाललेली वायर ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

१९२६ मध्ये ओहायोतील गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी एखादा डिंक शोधत होता. पॉलिव्हिनिल क्लोराइड हा तेव्हा निरुपयोगी मानला जाणारा पदार्थ त्याने उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवला. डिंक मिळाला नाही, पण थंड झाल्यावर रबरासारखा लवचीक गोळा हाती आला. हेच आपले पीव्हीसी. त्यात गंधक नाही, त्यामुळे तांब्याला कल्हईची गरज उरली नाही. गंधकाम्लाचे थेंब उडाले तरी ते सहज दाद देत नाही. मोटारीच्या तारेसाठी याहून सोयीचे काही तेव्हा नव्हते.

येथे आपली गाडी पुण्याला येते. प्रल्हाद छाब्रिया हा कराचीचा मुलगा १९४५ मध्ये नोकरीसाठी पुण्यात आला. पुढे भाऊ किशनदास यांच्यासह त्याने विजेच्या तारांचा व्यापार सुरू केला. त्यांना वळण देणारी मागणी आली ती संरक्षण खात्याकडून, ट्रक आणि रणगाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणाऱ्या वायर-हार्नेसची. दुसऱ्याची तार विकता विकता स्वतःच ती का करू नये, असा विचार यातूनच पुढे गेला आणि १९५८ मध्ये फिनोलेक्स उभी राहिली. तिचे पहिले उत्पादन घरगुती वायर नव्हते. ते होते मोटारींसाठी पीव्हीसी आवरणाची तार. आज ज्या नावाची वायर घराघरांच्या भिंतींत आहे त्या नावाची सुरुवात बॅटरीच्या तारेपासून झाली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

बाकीचा पट्टा पाठोपाठ भरत गेला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को, बजाज टेंपो अशी वाहने करणारी नावे पिंपरी-आकुर्डीत दिसू लागली. १९६९ मध्ये कोलकात्याच्या असोसिएटेड बॅटरी मेकर्सने, म्हणजे आजच्या एक्साइडने, आपला दुसरा कारखाना चिंचवडला काढला. वाहन, बॅटरी आणि तार ही तिन्ही काही मैलांच्या अंतरात तयार होऊ लागली. मागोमाग लहान वर्कशॉप, रिवाइंडिंगवाले आणि बॅटरी चार्ज करून देणाऱ्या टपऱ्या आल्या. चार्जरच्या पोटात काचेच्या टंगार बल्बच्या जागी सेलेनियमच्या चकत्या आणि त्यांच्या जागी सिलिकॉनचे डायोड आले. चिमटा मात्र जवळपास होता तसाच राहिला.

याच काळात तारेची भाषाही बदलली. आमच्या वडिलांच्या पिढीचा वायरमन 'तीन-वीस', 'सात-वीस' असे मागत असे. तीन-वीस म्हणजे २० गेजच्या तीन तारांचा पीळ, सुमारे २ चौरस मिलिमीटर तांबे. गेजचा आकडा वाढला की तार बारीक, हा उफराटा हिशेब विद्यार्थ्यांना चक्रावतो. पूर्वी तार जितक्या छिद्रांतून ओढून बारीक केली तितका आकडा, असे त्याचे मूळ आहे. दशमान पद्धतीनंतर मोजणी चौरस मिलिमीटरमध्ये आली आणि शिक्षकांचे काम सोपे झाले, कारण आता ओहमचा नियम थेट लावता येतो.

तो शाळेतल्या वायरीला लावू. दिव्याची वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. अशा लवचीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला २६ ओहम असतो. जायला ४ मीटर, यायला ४ मीटर. येण्याची तार मोजायची राहून जाते, ही नेहमीची चूक. ८ मीटरचा रोध ०.२१ ओहम आणि ५ अँपिअरला १.०४ व्होल्ट तेथेच गेले. वायर तापत नव्हती, म्हणून कोणाला संशय आला नाही. दुकानात वायर किती अँपिअरची असे विचारले की मिळणारे उत्तर ती किती तापेल याचे असते. १२ व्होल्टच्या कामात तापण्याच्या कितीतरी आधी व्होल्ट हरवतो.

उरलेला सुमारे अर्धा व्होल्ट चिमट्यांवर होता, त्यातला बराचसा धन टोकाच्या चिमट्यावर. रॅग्नार होल्म या शास्त्रज्ञाने विद्युत-स्पर्शांचा आयुष्यभर अभ्यास केला. दोन धातू एकमेकांवर टेकलेले दिसतात तेव्हा प्रत्यक्षात ते मोजक्याच सूक्ष्म ठिपक्यांवर टेकतात आणि सारा प्रवाह त्या ठिपक्यांतून जातो, असे त्याने दाखवले. दाब जास्त आणि धातू मऊ असेल तर ठिपके वाढतात. चिमट्याचे दात आणि जोरदार स्प्रिंग यांचे कारण हेच. दात शिशाच्या मऊ खुंटीवरचा पांढरा थर फोडून आत रुततात. शाळेचा चिमटा स्वस्तातला होता. लोहचुंबक लगेच चिकटला, म्हणजे आत पोलाद आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. पोलाद तांब्याच्या साताठ पट तरी रोध करते. शिवाय तार एकाच जबड्याला जोडलेली, तीही नुसती पत्रा वाकवून दाबलेली. दुसऱ्या जबड्याला वीज मिळायची ती गंजक्या रिव्हेटमधून. चांगल्या चिमट्यात जबडे तांब्याचे किंवा पितळेचे असतात, पोलाद फक्त स्प्रिंगमध्ये असते आणि दोन्ही जबडे तांब्याच्या वेणीने जोडलेले असतात. दाबलेल्या जोडाशी हिरवट निळी भुकटीही होती. तांबे आणि गंधकाम्ल एकत्र आले की काय होते ते रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात : मोरचूद.

मग बॅटऱ्या मेल्या कशा? चार्जिंग पुढे सरकते तसा प्रवाह कमी होतो आणि तारेतली घटही कमी होते. म्हणजे पुरेसा वेळ दिला असता तर या वायरीनेही बॅटरी भरली असती. पण पाच वाजता शाळा सुटे आणि चार्जर बंद होई. बॅटरी रोज अर्धीमुर्धी राही. अशा स्थितीत पत्र्यांवरचे लेड सल्फेट हळूहळू मोठ्या, टणक स्फटिकांत बदलते आणि मग ते सहजी परत फिरत नाही. दुकानदाराचा माल खराब नव्हता.

कोकण किनाऱ्यावर बोटींच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. खाऱ्या हवेत उघडे तांबे आवरणाच्या आतपर्यंत काळवंडत जाते. म्हणून बोटीसाठी आजही कल्हईची तार घ्यावी. रबराबरोबर जी कल्हई गेली ती समुद्रावर टिकून राहिली.

मोटारींनी हा व्होल्ट वाचवण्यासाठी दुसरी वाटही धरली. विद्युतदाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो. ६ व्होल्टच्या गाड्या १२ वर गेल्या, जड ट्रक २४ वर. २०१९ मध्ये चाकणच्या कारखान्यात विजेवर चालणारी चेतक तयार होऊ लागली. अशा वाहनांत चिमटा नाही, चुकीचा लागूच शकणार नाही असा प्लग आहे. विजेच्या मोटारींत तर शेकडो व्होल्ट असतात. तरीही जलद चार्जिंगची केबल उचलून पाहा, मनगटाला तांब्याचे वजन कळते.

शाळेत आम्ही चार्जरच बॅटरीजवळ व्हरांड्यात नेला, तोही बाजूला, बॅटरीच्या डोक्यावर नव्हे. २.५ चौरस मिलिमीटरची दीड-दीड मीटर वायर घातली, चिमटे पितळेचे घेतले, जोडाला डाख दिला, खुंट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतल्या. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ न देण्याचे काम दोन मुलींनी बुचांवर बोटे ठेवून केले. तारेतली घट ०.१२ व्होल्टवर आली. चिमटे लावल्यावरच चार्जर चालू करायचा आणि तो बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत, असे मामांनी खडूने भिंतीवर लिहिले. बाईंनी नववीच्या मुलांना मल्टिमीटरचे एक टोक चिमट्यावर आणि दुसरे खुंटीवर धरायला लावले. वाचन शून्याच्या जवळ येईपर्यंत मुले चिमटा हलवत, घासत राहिली.

दुसरी बॅटरी तीन दिवसांच्या मंद चार्जिंगनंतर बऱ्यापैकी सावरली. पहिली सावरली नाही, ती भंगारात द्यावी लागली.