आरशांतील ड्यूरर

संग्रहालयांतील चित्रकलेच्या वर्गांत मुलांच्या हातीं आरसा देऊन स्वतःचा चेहरा काढावयास सांगतात. अशाच एका मुलाचें चित्र व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत आहे. न्यूरेम्बर्गच्या सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्त ड्यूरर यानें तें १४८४ सालीं, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीं, काढलें. आपण हें लहानपणीं आरशांत पाहून काढलें, अशी नोंद त्यानेंच पुढें त्यावर केली. साधन होतें चांदीची टोकदार काडी. लेप दिलेल्या कागदावर तिची रेघ उमटली कीं ती पुसतां येत नाहीं. म्हणून रेघ ओढण्यापूर्वीं नीट पाहणें भाग पडे. आजच्या मुलांजवळ खोडरबर असतें, तें असूं द्यावें. परंतु पहिल्या रेघेपूर्वीं त्यांना घटकाभर आरशांत नुसतें पाहूं द्यावें.