स्टेशनापायी दुभंगलेले गाव

किल्ल्यासाठी, खजिन्यासाठी झालेले तंटे आपण पुष्कळ ऐकले आहेत. ऑस्ट्रियातील ग्म्युंड दुभंगले ते रेल्वे स्टेशनापायी. व्हिएन्नाहून येणारी लोहमार्गाची वाट येथे फुटून एक फाटा प्रागकडे, दुसरा एगरकडे जाई. साहजिकच दुरुस्तीचा मोठा कारखाना आला व त्याभोवती कामगारवस्ती वसली. महायुद्धानंतर १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहात नवजात चेकोस्लोव्हाकियाने हा सांधा मागितला व मिळविला. वस्ती बहुतांशी जर्मनभाषी होती. पण स्वयंनिर्णयाचा गजर करणाऱ्यांनी तेथे रूळ पाहिले, माणसे नव्हे! १९२० साली स्टेशन व कारखाना पलीकडे गेला. त्या भागाचे पुढे चेस्के वेलेनित्से झाले. जुना चौक ऑस्ट्रियात राहिला, भाकरी परराज्यात.

उरलेले गाव वाढले कोठे? युद्धकाळात गॅलिशियातून आणलेल्या युक्रेनियन निर्वासितांच्या छावणीच्या जागेवर. त्या छावणीत रोगराईने हजारो माणसे मेली होती. १९३८ मध्ये हिटलरने दोन्ही भाग जोडले, १९४५ नंतर ते पुन्हा तुटले, आणि १९८९ पर्यंत मध्ये काटेरी तार होती. २००७ पासून नाक्यावरची तपासणी थांबली. पुढे वेलेनित्सेचे रुग्ण उपचारांसाठी ग्म्युंडच्या इस्पितळात येत असत.